सिमेंटची पानं ओतताना या चुका टाळा

पाऊस चांगला लागला की परसातल्या अळूची पानं दीड-दोन फुटांची होतात आणि बागेसाठी सिमेंटची पानं करायचा हाच खरा हंगाम. काम ऐकायला सोपं आहे. पान वाळूच्या ढिगावर पालथं घालायचं, त्याच्या पाठीवर सिमेंट-वाळूचा माल थापायचा, घट्ट झाला की उलटवून पान सोलायचं. शिरा न् शिरा उमटलेली एक उथळ थाळी हातात येते. कुणी तिच्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवतं, कुणी तुळशीजवळ पणती, कुणी कुंड्यांच्या मधे नुसतीच शोभेला मांडते.

काम खरंच सोपं आहे, पण बिघडतं तेव्हा ठरावीक ठिकाणीच बिघडतं. कडा तुटतात, शिरा उमटत नाहीत, महिन्याभरात पृष्ठभाग हाताला पीठ लागावं तसा सुटायला लागतो. यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी पाणी असतं. माल कालवताना ते जास्त पडलेलं असतं आणि थापून झाल्यावर हवं तेवढं मिळालेलं नसतं. बाकीच्या चुका दुरुस्त होतात, ही होत नाही, म्हणून खाली तिच्यावरच जास्त लिहिलं आहे.

पान निवडताना

पहिल्यांदा करणाऱ्याने अळूच घ्यावा. घरचा, रानातला किंवा नर्सरीतला शोभेचा, कुठलाही चालतो. पान जाड असतं, पाठीवरच्या शिरा ठसठशीत असतात आणि नंतर ते सालीसारखं अखंड निघतं. नुसता हात बसवायचा असेल तर बदामाची पानं उत्तम, लहान असल्यामुळे माल वाया जात नाही. सागाचं पान मोठं आणि देखणं असतं, शिरांची जाळीही सुंदर, पण त्याच्या पाठीवर लव असते. ती मालात अडकते आणि पान तुकड्या-तुकड्यानेच निघतं. शिवाय कोवळ्या सागाचा लाल रंग सिमेंटला लागतो. केळीचं पान वाकवलं की शिरांच्या रेषेत फाटतं आणि त्याच्या बारीक शिरांचा ठसाही फिकाच येतो. भोपळ्याच्या पानाचा ठसा छान येतो, मात्र ते मऊ असल्यामुळे मालाच्या वजनाने दबून सुरकुततं.

पान सकाळी तोडा आणि काम सुरू करेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवा. मलूल पडलेल्या पानाच्या सुरकुत्या सिमेंटमध्ये भेगांसारख्या दिसतात आणि मग भेग नसतानाही लोक ती बुजवत बसतात. देठ पाठीच्या पातळीत कापून टाका, नाहीतर तिथे मालात आरपार भोक राहतं. किड्याने भोकं पाडली असतील तर पानाच्या पुढच्या, म्हणजे वाळूकडे जाणाऱ्या बाजूने चिकटपट्टी लावा. अळूचा चीक अंगाला लागला की खाजतं, तेव्हा हातमोजे पान तोडतानाच घाला. सिमेंटसाठी ते लागणारच आहेत. ओलं सिमेंट तीव्र अल्कली असतं, बराच वेळ हाताला राहिलं तर कातडी भाजते, आणि हे लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

सर्रास होणारी आणखी एक चूक म्हणजे पान उलट्या बाजूने घालणं. पानाची पुढची, गुळगुळीत बाजू खाली वाळूवर आणि शिरांची पाठ वर, असंच घालायचं. माल शिरांवरच पडला पाहिजे.

वाळूचा ढीग

ओली वाळू प्लायच्या तुकड्यावर घ्या, म्हणजे लागलं तर सगळं उचलून सावलीत नेता येतं. ढीग पानापेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा ठेवा. तो टोकदार झाला तर पान कडेला दुमडतं आणि थाळीऐवजी खोल वाडगा तयार होतो. हाताने दाबून, थापीने चोपून घट्ट करा. सैल वाळू मालाच्या वजनाने मधेच खचते आणि माल अर्धवट घट्ट झालेला असताना असं खचलं तर भेग पडलीच म्हणून समजा. वर पातळ प्लॅस्टिक अंथरा, पण त्याच्या घड्या पानाखाली येऊ देऊ नका.

माल कालवताना

यात खडी नको. एक भाग सिमेंट आणि अडीच ते तीन भाग बारीक वाळू हे प्रमाण पुरतं. दीड फुटाच्या अळूच्या पानाला सव्वा किलोच्या आसपास सिमेंट लागतं. तेवढ्यासाठी ५० किलोची गोणी कुणी आणत नाही, हार्डवेअरच्या दुकानातून सुटंच आणलं जातं आणि गडबड तिथेच सुरू होते. उघड्या गोणीतलं सिमेंट पावसाळी हवेत दमट होतं. चिमटीत चोळून पाहा. बोटांनी न फुटणाऱ्या गुठळ्या असतील तर चाळून घेऊनही उपयोग नाही, त्याचा जोर गेलेला असतो. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते दुकानदाराला दाखवायला सांगा. तीन महिन्यांहून जुनं सिमेंट या कामाला घेऊ नये.

वाळू गिलाव्याची घ्या आणि रव्याच्या चाळणीने चाळा. एक मोठा खडा शिरेवर आला की तिथे शीर उमटतच नाही. कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना समुद्राची वाळू फुकट मिळते, पण ती वापरू नका. तिच्यातल्या मिठाने मोठ्या पानात घालतात ती लोखंडी जाळी गंजते आणि वर पांढरा लोणा फुटत राहतो. क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, मात्र तिच्यात दगडाची भुकटी फार असेल तर माल पाणी जास्त पितो. चिमूटभर वाळू पाण्याच्या ग्लासात ढवळून पाहिली की भुकटी किती आहे ते कळतं.

आता पाणी. एक किलो सिमेंटला साधारण ४५० मिली पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. सुरुवातीला माल कोरडा वाटतो आणि हात आपोआप तांब्याकडे जातो. तो आवरा. तीन-चार मिनिटं नीट कालवत राहिलात तर तोच माल मऊ होतो. मूठभर घेऊन दाबला तर लाडू वळला पाहिजे आणि बोटांमधून पाणी निथळता कामा नये. जास्तीचं पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही, ते नंतर उडून जातं आणि आत सूक्ष्म पोकळ्या मागे ठेवतं. थाळी पाझरते ती त्या पोकळ्यांतून, आणि कडा तुटतात त्याही तिथेच. मोजलेलं पाणी घालूनही माल फारच कोरडा राहत असेल तर बांधकामाच्या दुकानात मिळणारं प्लॅस्टिसायझर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घाला, त्याने पाणी न वाढवता माल सैल होतो.

याच टप्प्यावर तीन वाईट सवयी शिरतात. एक, चुकून सैल झालेल्या मालावर कोरडं सिमेंट भुरभुरवणं. वरचा थर खालच्यापेक्षा जास्त आकसतो आणि जाळीदार बारीक तडे जातात. सैल माल सावरायचा तर सिमेंट आणि वाळू दोन्ही त्याच प्रमाणात घालून पुन्हा कालवा. दोन, घमेल्यात आवळत चाललेल्या मालात पाणी शिंपडून तो पुन्हा मऊ करणं. सिमेंटचा संयोग सुरू झाल्यावर घातलेलं पाणी त्याला दुबळं करतं, म्हणून अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. तीन, लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस मिसळणं. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमधलं जिप्सम आणि सिमेंट ओलाव्यात एकत्र राहिले की आतून फुगतात, आणि आज टणक दिसणारं पान पहिल्याच पावसाळ्यात तडकतं. हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका.

थापताना

पहिला थर बोटांनी, मध्यशिरेपासून कडेकडे दाबत न्या. शिरांच्या बाजूला हवा अडकली तर नंतर तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात. मधे जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर आणि कडेला किमान एक. नाजूक दिसावं म्हणून कडा कागदासारख्या पातळ करण्याचा मोह होतो, पण त्या उलटवतानाच जातात. माल पानाच्या कडेबाहेर ओघळला असेल तर तो तेव्हाच ओल्या ब्रशने मागे सारा. सुकल्यावर कानशीने घासून पानाचा नैसर्गिक आकार परत मिळत नाही.

दीड फुटापेक्षा मोठ्या पानात जाळी हवी. गिलाव्याआधी विटा आणि कॉलमच्या सांध्यावर लावतात ती कोंबडीजाळी चालते, पण कडेपासून दोन सेंटिमीटर आत ठेवा, उघडी पडली की गंजाचे डाग आलेच. वॉटरप्रूफिंगवाले वापरतात ती फायबरची जाळी मिळाली तर गंजाचा प्रश्नच मिटतो. मात्र ती अल्कलीत टिकणारी आहे ना, हे दुकानात विचारून घ्या.

आणि शेवटी, माल ओला असतानाच पाठीच्या मधोमध एक सपाट भाग करून त्यावर पाणसळ ठेवून पाहा. उलटवल्यावर तोच भाग जमिनीवर टेकणार असतो. हे विसरलं की थाळी कायमची डुलते आणि पाणी एका बाजूने सांडतं.

पाणी मारणं

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं. उन्हात ठेवलं की लवकर पक्कं होईल, ही समजूत घरोघर आहे आणि सगळ्यात जास्त पानं तिनेच खराब केली आहेत. एवढ्या पातळ वस्तूतलं पाणी मेच्या उन्हात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत, काही तासांत उडून जातं आणि क्रिया अर्धवट थांबते. थापून झालं की लगेच प्लॅस्टिकने झाका, कडा दगडांनी दाबा आणि दोन दिवस सावलीत हलवू नका. पान उलटवून सोललं की गोणपाटात गुंडाळून ते सतत ओलं ठेवा, किंवा सरळ पाण्याच्या टबात बुडवा. टब जास्त सोयीचा, विसरायला होत नाही.

आयएस ४५६ हे बांधकामाचं भारतीय मानक साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस ओलावा सांगतं. फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाची राख मिसळलेल्या, म्हणजेच मिश्र, सिमेंटसाठी किंवा कोरड्या-गरम हवेत किमान १० दिवस, आणि मिश्र सिमेंटला शक्य असेल तर १४. दुकानात सुटं मिळणारं सिमेंट बहुधा पीपीसी म्हणजे मिश्रच असतं, म्हणून १४ दिवस धरून चला. पीपीसी सुरुवातीला सावकाश घट्ट होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नखाने ओरखडा उठला तर घाबरू नका, आणखी एक दिवस थांबा.

उलटवताना कडेला धरून उचलू नका. दोन्ही तळवे खाली वाळूत घालून, मधला भाग पेलत फिरवा. पान निघत नसेल तर ओढू नका. शिरांच्या खाचेत राहिलेले तुकडे ओलेपणाचे दिवस संपले की सुकतात आणि जुन्या टूथब्रशने निघतात.

बिघडलंच तर

बोट फिरवल्यावर पांढरट भुकटी येत असेल आणि अजून पहिला आठवडाच असेल, तर लगेच पाण्यात बुडवा, थोडा फरक पडतो. महिन्यानंतर मात्र हा दोष जात नाही. पाझरणाऱ्या थाळीला आतून सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सचा (वॉटरप्रूफिंगला वापरतात ते रबराचं दुधासारखं द्रव) पातळ हात दोनदा द्या. बारीक शिरा थोड्या बुजतात, पाणी राहतं. तुटलेली कड कोरडी करून इपॉक्सीने चिकटवता येते आणि सांधा पाठीकडून भरला तर पुढून दिसतही नाही. पांढरा लोणा आला असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. तो चुन्याचा क्षार असतो, बहुतेक वेळा दोन-तीन पावसांत आपोआप कमी होतो. राहिलाच तर व्हिनेगर पाण्यात पातळ करून पुसा आणि भरपूर धुवा. बोअरचं जड पाणी वापरलं तर लोणा जास्त दिसतो.

रंग देण्याची घाई करू नका. ताज्या सिमेंटची अल्कली रंग खाते, त्याचे पोपडे निघतात. साधारण २८ दिवस होऊ द्या, मग बाहेरच्या भिंतीचा अ‍ॅक्रिलिक रंग लावा. मालातच रंग हवा असेल तर लाल किंवा पिवळा ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत घाला, त्यापलीकडे रंग फारसा गडद होत नाही आणि ताकद घटायला लागते.

थाळी पक्ष्यांसाठी असेल तर आतून चकचकीत वॉर्निश नको, त्यावर त्यांचे पाय घसरतात. नवी थाळी पाण्याने भरून, रोज पाणी बदलत आठवडाभर ठेवा, म्हणजे अल्कली उतरते. नंतरही पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको आणि दर दोन-तीन दिवसांनी ओतून, घासून नवं भरायचं. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती कडेला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, कड घासावी लागते.