पंचगंगेची पातळी बदलते, पण स्क्रीन रीडर गप्प: माझा अनुभव

कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी दाखवणारं छोटं ओपन सोर्स पान. आकडा बदलायचा, पण एनव्हीडीए (अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) काहीच बोलायचा नाही. मराठी मजकूरही इंग्रजी आवाजात. पुरात हे चालणारच नाही.

दर मिनिटाला पान रीलोड केलं, तर फोकस उडून वाचन पुन्हा वरून सुरू. रोल-अलर्ट (मजकूर लगेच वाचायला सांगणारी खूण) लावूनही भरवसा नाही.

खरी गोम अशी: स्क्रिप्ट दर वेळी अख्खा डिव्ह (पानावरचा मजकुराचा कप्पा) नवा बनवत होती. लाइव्ह रीजन, म्हणजे बदल झाला की स्क्रीन रीडरने आपणहून वाचायचा भाग, आधीपासून पानावर असेल, तरच त्यातला बदल खात्रीने वाचला जातो.

म्हणून आधी एचटीएमएल टॅगमधला लँग (भाषेची खूण) 'एन'चा, म्हणजे इंग्रजीचा, 'एमआर', म्हणजे मराठी केला. एनव्हीडीएच्या स्पीच सेटिंगमध्ये भाषा आपोआप बदलण्याचा पर्याय चालू हवा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या आवाजाच्या प्रणालीत मराठी आवाज असतोच. मग मूळ एचटीएमएलमध्येच रिकामा डिव्ह ठेवला: एरिया-लाइव्ह 'पोलाइट' (चालू वाचन न तोडता बदल सांग), एरिया-अ‍ॅटॉमिक 'ट्रू' (बदललेला तुकडा नाही, पूर्ण मजकूर वाच). स्क्रिप्टने त्याचं फक्त टेक्स्ट-कन्टेन्ट (आतला मजकूर) बदलायचं, तेही आकडा खरंच बदलला तरच. नाहीतर तेच तेच ऐकून माणूस आवाज बंद करतो.

शेवटी पातळी दाखवणाऱ्या रंगाला शब्द जोडले. नुसता पिवळा-लाल ऐकू येत नाही. आता पूर्ण वाक्य येतं: "पातळी ३९ फूट, इशारा पातळी गाठली." ४३ फुटांना "धोका पातळी".