स्वागत समारंभाचं जेवण ठरवताना: सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

मेन्यू सगळ्यात शेवटी ठरवा. लग्नाचं कार्यालय नक्की झालं की घरात लगेच पनीर घ्यायचं की नाही, जिलेबी की गुलाबजाम यावर बैठका सुरू होतात आणि किती माणसं, किती वाजता, कोणत्या हवेत जेवणार हे मात्र तसंच राहतं. ते तीन प्रश्न आधी सुटले तर मेन्यू अर्ध्या तासात ठरतो.

आधी वही घ्या आणि माणसं मोजा, पत्रिका नव्हे. शहरातल्या ओळखीच्यांना दिलेल्या पत्रिकेवर नवरा-बायको येतात, ऑफिसातल्या पत्रिकेवर एकटा माणूस येतो आणि मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या भावकीत दिलेल्या एका पत्रिकेवर जीप भरून माणसं येतात. म्हणून प्रत्येक नावापुढे आकडा लिहा. दुपारी अक्षता आणि संध्याकाळी स्वागत असेल तर दोन वेगळे आकडे काढा, कारण जवळचे नातेवाईक दोन्ही वेळा जेवतात. बँडवाले, फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, कार्यालयातले झाडूवाले हेही त्याच वहीत आले पाहिजेत. त्यांचं जेवण शेवटी उरलंसुरलं देण्याची गोष्ट नाही.

मग कॅलेंडर उघडा आणि त्या दिवशी उपवास कोणता ते बघा. अक्कलकोट हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपल्याकडे गुरुवार करणारी घरं भरपूर, सिद्धरामेश्वरांच्या गावात सोमवार करणारीही तेवढीच आणि पंढरपूर जिल्ह्यातच, त्यामुळे एकादशीला न जेवणारे वारकरी पाहुणे असणारच. सोमवार-गुरुवारचा उपवास बहुतेक जण रात्री सोडतात, म्हणजे संध्याकाळच्या स्वागताला ते जेवतात. संकष्टीवाले चंद्रोदयापर्यंत थांबतात, तेव्हा त्यांची ताटं उशिरापर्यंत राखून ठेवावी लागतात. एकादशीवाले मात्र दुसऱ्या दिवशीच सोडतात. त्यांच्यासाठी साबुदाण्याची खिचडी, दही आणि फळं वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावाने. जैन पाहुणे असतील तर सूर्यास्ताआधी जेवण तयार हवं आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा नको. सातला सुरू होणाऱ्या समारंभात त्यांना पाच-साडेपाचला वेगळं बोलावून नीट वाढलं तर त्यांना किती बरं वाटतं!

वेळेबाबत आणखी एक. विजापूर आणि कलबुर्गीकडचे पाहुणे शंभरेक किलोमीटर परत जाणार असतात, बार्शी-पंढरपूरचेही मुक्कामाला थांबत नाहीत. नवरा-नवरी स्टेजवर यायची वाट बघत जेवण अडवून ठेवू नका. साडेसातला जेवण सुरू म्हणजे सुरू.

आता हवा आणि पाणी. या दोन गोष्टींनी सोलापुरातलं लग्नाचं जेवण जेवढं बिघडतं तेवढं आचाऱ्याने बिघडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि सूर्य बुडाल्यावरही लॉनची जमीन तापलेली असते. महापालिकेचं पाणी रोज येत नाही, म्हणून कार्यालय बघायला जाल तेव्हा आधी टाकी किती लिटरची आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का ते विचारा. प्यायच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे: उन्हाळ्यात माणशी एक लिटर धरा, म्हणजे 500 माणसांना 20 लिटरचे 25 जार, आणि ताक, सरबत, ऐनवेळची माणसं धरून 35 मागवा. भांडी धुवायला आणि हात धुवायला टँकर वेगळा. टँकर कोण सांगणार, केटरर की कार्यालय की आपण, हे कागदावर लिहून घ्या, नाहीतर तिघंही एकमेकांकडे बघत बसतात. स्टीलच्या ताटांना पाणी लागतं, पानाच्या पत्रावळीला लागत नाही. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तेव्हा तो विचारच नको.

पंगत की बुफे हा वाद घरोघरी होतो, म्हणून इथे जरा सविस्तर. पंगतीला जागा आणि माणसं लागतात. एका वेळी 150 पानं बसत असतील आणि 600 माणसं असतील तर चार पंगती. एक पंगत बसून, जेवून, उठून, पुसून पुढची बसेपर्यंत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात, म्हणजे तीन तास धरा. दहा-बारा पानांमागे एक वाढपी नसेल तर भात येईपर्यंत आमटी गार होते. बुफेची गंमत अशी की तो मोकळा दिसतो आणि आठ ते नऊ या तासात तुंबतो. टेबलाच्या एका बाजूने मिनिटाला साधारण तीन ताटं भरून निघतात, दोन्ही बाजूंनी सहा, म्हणजे तासाला साडेतीनशेच्या आसपास. 600 लोकांना दोन्ही बाजूंनी चालणारी दोन टेबलं हवीतच, आणि ती एकमेकांपासून लांब, सारख्याच पदार्थांची. एकाच लांबलचक टेबलावर बावीस पदार्थ मांडले की लोक शेवटच्या चार पदार्थांपर्यंत पोचतात तेव्हा ताटात जागा नसते.

माझं स्पष्ट मत सांगायचं तर सोलापुरात दोन्ही ठेवावं. तरुण मंडळींना आणि ऑफिसातल्या लोकांना बुफे, आणि कडेला पन्नास-साठ खुर्च्यांची टेबल-पंगत, वाढप्यांसकट. नऊवारीतली आजी एका हातात ताट, दुसऱ्या हातात काठी घेऊन रांगेत उभी राहिली तर तो आपला कमीपणा आहे. केटररकडून या टेबलांसाठी पाच वाढपी वेगळे मागा आणि घरातला एक भाचा किंवा पुतण्या फक्त आग्रह करायला तिथे उभा करा. "आजी, अजून एक चमचा तूप घ्या" असं कुणी म्हणाल्याशिवाय आपल्याकडे जेवण झाल्यासारखं वाटत नाही.

आता मेन्यू. पदार्थ कमी, गरम आणि पुरेसे. एक गोड, दोन भाज्या, एक तळण, आमटी किंवा वरण, एक भाताचा प्रकार आणि साधा भात, पोळी किंवा पुरी, भाकरी, चटणी-कोशिंबीर, ताक. एवढं चोख असलं तर चायनीज, पास्ता, चाटचे पाच काउंटर यांची आठवणही कुणाला होत नाही. गरमागरम करून देणारे काउंटर हवेच असतील तर दोन पुरे: एक मिरची भज्याचं, एक जिलेबीचं. आईस्क्रीम ठेवा, मुलांना हवं असतं.

ज्या गावात लग्न आहे त्या गावाची चव ताटात असावी असं मला मनापासून वाटतं, आणि आपल्याकडे ती जमवणं अवघडही नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे घरी गेल्यावर शाही पनीरबद्दल बोलत नाहीत, शेंगाचटणीबद्दल बोलतात. ती मात्र पाकिटातली नको. लाल तिखट, लसूण, मीठ आणि खमंग भाजलेले दाणे उखळात कुटलेले असले की दाण्यांचं तेल सुटतं, चटणी ओलसर दिसते आणि चिमटीत दाबली की तिचा खडा होतो. भुरभुरीत राहिली तर ती मिक्सरमधली किंवा दाणे कच्चे. खरेदीआधी थोडी जिभेवर ठेवून बघा, जुन्या दाण्याचा खवटपणा लगेच कळतो. लसूण न खाणाऱ्यांसाठी एक भांडं बिनलसणाचं सांगा. शिवाय आपल्या भाज्यांत, आमटीत, कोशिंबिरीत, सगळीकडे दाण्याचं कूट असतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं लहान मूल पाहुण्यांत असू शकतं, म्हणून कूट नसलेली एक भाजी आणि साधं वरण ठेवा आणि प्रत्येक भांड्यासमोर नाव व त्यात दाणे आहेत का हे ठळक मराठीत लिहून लावा.

भाकरीचं गणित नीट समजून घ्या. गरम भाकरीचा काउंटर फोटोत छान दिसतो, पण एका चुलीवर बाई तासाला तीसेक भाकरी करते. तीन चुली लावल्या तरी तासाला शंभराच्या आतच, आणि समोर रांग दोनशेची. त्यावर सोलापूरचा तोडगा आहेच: कडक भाकरी. आठ दिवस आधी करून घेता येते, मोडत नाही तोवर बिघडत नाही, पापडासारखी वाजते आणि आमटीत चुरली की मऊ. मालदांडी ज्वारीच्या पिठाची सांगा, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे ते उगीच नाही. चुली दोन ठेवा, आजीच्या टेबलांसाठी गरम भाकरी तिथून जाऊ दे, बाकी सगळ्यांना कडक. सोबत भरलं वांगं, शेंगाचटणी, लोणी. पुंडी पल्या, म्हणजे अंबाडीची पालेभाजी, मिळण्याचे दिवस असतील तर एका छोट्या भांड्यात तीही ठेवा, कन्नड बोलणारे पाहुणे तिला शोधत येतात.

गोडात मे महिन्यातली बासुंदी आणि रबडी टाळा. दूध आटवून केलेला पदार्थ दुपारपासून रात्रीपर्यंत उघड्यावर राहिला तर त्यात जंतूंचं विष तयार होऊ शकतं, आणि त्यातलं काही पुन्हा उकळूनही जात नाही. त्यापेक्षा खपली गव्हाची हुग्गी करा. गहू कांडून, रात्रभर भिजवून, मऊ शिजवून त्यात गूळ, खोबरं, खसखस, सुंठ, बडीशेप. मोठ्या पातेल्यात ती तासन् तास गरम राहते आणि दूध तिच्यात घालायचं नसतं, वाढताना वरून घालतात. म्हणजे दूध वेगळं, उकळतं ठेवता येतं. वर तुपाची धार. लिंगायत घरांत हुग्गीशिवाय कार्य पुरं होत नाही आणि बाकीच्यांनाही ती आवडते. थंडीतलं लग्न असेल तर शेंगापोळीही चालेल, ती दोन दिवस आधी करून ठेवता येते.

मटणाचं जेवण द्यायची ज्यांच्याकडे रीत आहे त्यांनी ते दुसऱ्या दिवशी, वेगळ्या जागी, वेगळ्या आचाऱ्याकडून आणि वेगळ्या भांड्यांत करावं. एकाच मांडवात दोन बाजू केल्या की शाकाहारी पाहुणे जेवणाला हातच लावत नाहीत. माणशी पाव किलो मटण धरा.

केटरर ठरवताना चव घ्यायला त्याच्या ऑफिसात जाऊ नका. तिथली वाटीभर भाजी कुणालाही चांगली करता येते. त्याचं दुसरीकडे काम चालू असेल तिथे, त्या घरच्यांना विचारून, मागच्या दाराने भटारखान्यात जा. चिरलेली भाजी झाकलेली आहे का, तळणाचं तेल काळं आणि चिकट झालंय का, पोळ्या लाटणाऱ्या बायकांना हात धुवायला साबण आहे का, कच्चं आणि शिजलेलं एकाच परातीत फिरतंय का. पाच मिनिटांत सगळं कळतं. अन्न परवाना मागा, त्यावर 14 आकडी क्रमांक असतो.

कामाच्या दोन पद्धती आहेत. ताटावर दर, म्हणजे माल, माणसं, भांडी सगळं त्याचं. किंवा आचारी मजुरीवर आणि किराणा आपला. दोनशेच्या आतली माणसं असतील, घरात मार्केट यार्डातून कांदा-भाजी पारखून आणणारा माणूस असेल तर दुसरी पद्धत स्वस्त आणि चवीला चांगली पडते. त्याहून मोठ्या कार्याला ताटाचा दर बरा, पण तेव्हा चार गोष्टी लिहून घ्या: दर जीएसटी धरून की सोडून, कमीत कमी किती ताटांचे पैसे द्यावेच लागतील, आकडा किती दिवस आधी बदलता येईल, आणि ताटं कोण कशी मोजणार. सगळ्यात जास्त भांडणं या शेवटच्या मुद्द्यावर होतात. सुरुवातीला मांडलेली ताटं आपल्या माणसाने मोजायची, शेवटी कोरी उरलेली मोजायची, धुऊन पुन्हा आलेल्यांची नोंद दोघांनी मिळून ठेवायची. सिलिंडर व्यावसायिकच, 19 किलोचे, आणि ते भटारखान्याच्या बाहेर मोकळ्या हवेत उभे.

अन्नाच्या तापमानाचा नियम आचाऱ्याला आधीच सांगा: गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली. कोशिंबिरीचं दही, ताक, आमरस बर्फात बसवलेल्या भांड्यात, आणि ते थोडं थोडं बाहेर काढायचं. पेयात पडणारा बर्फ खाण्यायोग्यच हवा, भांडी गार ठेवायच्या लाद्या त्यात फोडून टाकू देऊ नका. भात एकदम शिजवू नये, दर अर्ध्या तासाला नवी खेप लागली पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात फोन करून आकडा पक्का करा, केटररला सांगा, कडक भाकरी आणि चटणी घरी आणून ठेवा. कार्याच्या सकाळी घरच्यांना नाश्ता लागतो हे लोक विसरतात. सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले भिजवलेले मुरमुरे, करा, मुरमुरे भिजवले की पंधरा मिनिटांत पन्नास जणांची होते. दिवसभराच्या जेवणावर लक्ष ठेवायला दोन माणसं नेमा, आणि ती नवरा-नवरीचे आई-वडील नकोत. एक जण भटारखान्यात, एक जण टेबलांजवळ. कोणता पदार्थ संपत आलाय हे दुसऱ्याने पहिल्याला आधीच कळवायचं. नवरा-नवरी आणि करवल्यांची ताटं साडेनऊला बाजूला काढून ठेवा, कारण फोटो संपेपर्यंत जिलेबी संपलेली असते.

उरलेलं अन्न कुठे द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा. एखादं वसतिगृह किंवा वृद्धाश्रम गाठून, किती वाजेपर्यंत चालेल ते विचारा आणि फक्त न वाढलेलं, गरम असलेलं अन्न झाकणाच्या डब्यांतून लगेच पाठवा. दूध-दह्याचं काही पाठवू नका. पाहुणे गेले की ताटांचा आकडा, कार्यालयाची मोजून घेतलेली भांडी आणि रिकामे सिलिंडर यांची जुळवणी तिथेच करा, दोघांच्या सह्या घ्या आणि मगच राहिलेले पैसे द्या. वाढप्यांना आणि भाकरीवाल्या बायकांना वेगळं पाकीट त्यांच्या हातात द्या, ठेकेदारामार्फत नको.