कामगार गावासाठी वेळ देतो, तेव्हा कंपनीनं काय करावं

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, मी एचआर बघते. आमचा बहुतेक कामगार आसपासच्या गावांतला. कुणी पहाटे धारा काढून पहिल्या शिफ्टला येतो, कुणी उसाला पाणी पाजून दुसऱ्या शिफ्टला. यातले कितीतरी जण तालमीचे, तरुण मंडळांचे कार्यकर्ते आहेत. एखाद्याच्या फोनमध्ये गावातल्या रक्तदात्यांची यादी गटवार तयार असते. एखादा जोतिबाच्या चैत्र यात्रेत वाटेवर उभा राहून पाणी वाटतो, गाड्यांची पंक्चर काढून देतो. पूर आला की कोण पुढे होणार, हे गावाला आधीच ठाऊक असतं.

म्हणून एखादे उद्योजक विचारतात, ‘आमच्या स्टाफला समाजकार्याची गोडी कशी लावायची?’ तेव्हा मी सांगते, गोडी आहेच. तुमची माणसं हे आजही करत आहेत, फक्त स्वतःची रजा खर्चून आणि स्वतःचा पगार बुडवून. कंपनीनं उचलायचा आहे तो हा भार. कसा, ते लहान-मध्यम कारखान्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिते.

आधी वही ठेवा

टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी एक साधी वही ठेवा. मोबाईलवरचा फॉर्म नको, तो ऑफिसातलेच लोक भरतात. वहीत तीन प्रश्न: गावात काय करता, कधी करता आणि कंपनीमुळे कुठे अडतं. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट वाचा, सगळं धोरण त्यातूनच निघतं.

मला वाटलं होतं तक्रार ‘सुट्टी मिळत नाही’ अशी असेल. पण पुन्हा पुन्हा आलेलं उत्तर होतं, ‘उपस्थिती भत्ता जातो.’ महिनाभर खाडा नसेल तर मिळणारा भत्ता एका दिवसासाठी पूर्ण कापला जातो. मग शाळेच्या कामासाठी रजा मंजूर झाली तरी माणूस जाऊन पैसे घालवतो, आणि दोन-तीनदा तसं झालं की जायचं थांबतो.

तेव्हा नियम करताना असा करा. वर्षाला दोन दिवस भरपगारी सेवा रजा द्या, म्हणजे १६ तास, आणि ती तासांत मोडून घेता येऊ द्या. रक्तपेढीत जाऊन यायला अर्धा दिवस लागतो, शाळेच्या बैठकीला दोन तास पुरतात. हजेरीपत्रकात तिला वेगळा कोड द्या. त्या कोडमुळे उपस्थिती भत्ता तुटणार नाही, हक्काच्या रजेला हात लागणार नाही आणि बोनससाठी तो दिवस हजर धरला जाईल, हे लेखी लिहा आणि नोटीस बोर्डावर मराठीत लावा.

आणि कंत्राटी कामगार विसरू नका. फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला), पॅकिंगला, साफसफाईला आपल्याकडे बहुतेक जण ठेकेदाराचे. त्यांचे सेवा रजेचे तास ठेकेदाराच्या बिलात मान्य करा. नाहीतर एकाच गावातले, एकाच खड्ड्यात झाड लावणारे दोघे, एकाचा दिवस भरलेला आणि दुसऱ्याचा बुडालेला. असा कार्यक्रम न केलेला बरा.

खरी परवानगी सुपरवायझरची असते

मालकांनी सही केली म्हणजे काम झालं, असं समजू नका. रजा अडते ती शॉप फ्लोअरवर. आमच्या मोल्डिंगच्या सुपरवायझरनी मला स्पष्टच विचारलं होतं, “मॅडम, सोडायला माझं काय जातंय? पण लाईनवर माणूस कोण देणार? सांजच्याला साच्यांचे बॉक्स कमी निघाले की बोलणी मलाच बसत्यात.” त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. चांगल्या कामाची किंमत एका सुपरवायझरच्या उत्पादनाच्या आकड्यातून वसूल करायची आणि वर त्यालाच आडमुठा म्हणायचं, हा अन्याय आहे.

यावर सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय हिशेबातला आहे. रजेवर गेलेल्याच्या जागी जो थांबेल त्याचा ओव्हरटाइम त्या विभागाच्या खर्चात धरायचा नाही, तो एचआरच्या खात्यावर टाकायचा. कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो, त्यामुळे सुपरवायझरला तो आकडा टोचतोच. तो त्याच्या माथ्यावरून उतरला की त्याचा स्वर बदलतो. बाकीचे नियम साधे आहेत. अर्ज आठवडाभर आधी द्यायचा. एका विभागातून एका वेळी एकच जण. भट्टीवरचा ऑपरेटर आणि लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) सांभाळणारा यांनी बदली माणसाचं नाव देऊनच अर्ज करायचा, कारण तिथे अननुभवी हात चालत नाही. आपसात शिफ्ट बदलून घेतली तर रजा खर्च करायचीही गरज नाही, फक्त टाइम ऑफिसला नोंद हवी.

काय हवं ते त्यांनाच विचारा

कंपन्यांच्या उपक्रमांत शाळा रंगवणं फार लोकप्रिय आहे. दिवसभरात उरकतं, फोटो छान येतात. हातकणंगले तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत आम्हीही त्याच विचारानं विचारायला गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “रंगाला माणसं मिळतात हो. वरच्या टाकीत पाणी चढत नाही, ते बघायला कुणी येत नाही.” टाकी कोरडी म्हणून स्वच्छतागृह बंद, आणि मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी गेल्या की परत येत नसत.

आमच्या मेंटेनन्सचे एक फिटर काका सोबत होते. त्यांनी मोटर चालू करायला लावली, पाइपावर तळहात ठेवला आणि म्हणाले, मोटर ठीक आहे, पाणी धरत नाही. हौदातून पाइप वर ओढून घेतला. खालच्या फूट व्हॉल्व्हच्या झडपेत प्लॅस्टिकचा तुकडा अडकलेला, रबर झिजून एका बाजूनं फाटलेलं. झडप मिटत नव्हती, म्हणून मोटर बंद झाली की पाइपातलं पाणी खाली उतरायचं आणि पुढच्या वेळी मोटर नुसतीच हवा ओढायची. काकांनी नवा व्हॉल्व्ह बसवला, त्याला जाळी लावली, बादलीनं पाइप भरून घेतला आणि टाकीत धार पडली. निघण्याआधी त्यांनी ती जाळी पुन्हा काढली आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना ती साफ करायला, पाइप पाण्यानं भरायला आणि मग मोटर सुरू करायला लावली. ताईंना एकटीनं जमेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

स्वयंसेवा म्हणजे मी हेच धरते. रोजच्या कामातलं जे कसब माणसाच्या हातात आहे ते गावाला मिळावं. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, हिशेबनीस, ड्रायव्हर यांच्याकडे जे आहे ते गावात विकत घ्यायला पैसे लागतात. फिटरच्या हातात रंगाचा ब्रश देण्यात त्याचंही नुकसान आणि शाळेचंही. शाळेत जायचं तर शाळा व्यवस्थापन समितीला भेटा. शिक्षण हक्क कायद्यानं ती असतेच, पालक तिच्यात असतात आणि दुरुस्त्यांची यादी त्यांना तोंडपाठ असते. गावाच्या कामासाठी ग्रामपंचायत. आपण वस्तू देणार असू तर पुढची देखभाल कोण करणार, त्याचं नाव आधी ठरवा.

पुराचं वेगळं

आमच्या भागात हा विषय पुरापाशी येऊन थांबतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी इथे पाहिला त्यांना जास्त सांगायला नको. महामार्गावर पाणी आलं, शिरोलीत येणं-जाणं बंद झालं, कारखाने आपोआप थांबले. पण त्याच्या आधीचे दोन दिवस महत्त्वाचे असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आंबेवाडी, चिखली किंवा शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांतल्या कामगारांना इशारा पातळीलाच मोकळं करा, धोका पातळीची वाट बघू नका. म्हातारी माणसं आणि जनावरं हलवायला दिवस लागतो, आणि तो माणूस स्वतःच्या घराबरोबर शेजारच्यांचंही हलवत असतो. हे तास सेवा रजेच्या १६ तासांत धरू नका, वेगळी पूर रजा ठेवा.

पाण्यात उतरून माणसं काढणं प्रशिक्षित पथकांचं काम आहे. कंपनीच्या नावावर कुणालाही त्यासाठी पाठवू नका, तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. आपलं काम पाणी ओसरल्यावर सुरू होतं, जेव्हा बाहेरून आलेली मदत परतायला लागते आणि घरात गुडघाभर चिखल असतो. गमबूट, जाड हातमोजे, फावडी, पाणी उपसायचे पंप पाठवा. जाण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते बघा, आणि पायाला जखम असेल त्याला चिखलात पाठवू नका, लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-जनावरांच्या मूत्रानं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या आजाराचा) धोका असतो. प्रतिबंधक गोळ्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः वाटू नका. घरात पाऊल टाकण्याआधी वीजपुरवठा बंद आहे याची महावितरणच्या माणसाकडून खात्री करा. आणि कृपा करून जुने कपडे गोळा करू नका. झाडू, फिनेल, चटई, कोरडं सरपण, मुलांच्या वह्या हे सगळं लागतं. वापरलेल्या कपड्यांचे ढीग चावडीसमोर भिजत पडतात आणि ते उचलायला पुन्हा माणसं लागतात.

रक्तदान

मालकांच्या वाढदिवसाला मोठं शिबिर ही आपल्याकडची रीत. भावना चांगली आहे, पण रक्ताला मुदत असते. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. एकाच दिवशी खूप जमवण्यापेक्षा रक्तपेढीला विचारून वर्षभरात विभागून घ्या. एप्रिल-मे धराच, कॉलेजांना सुट्टी असते आणि रक्ताचा तुटवडा पडतो. पुरुषांना दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर हवं, महिलांना १२० दिवसांचं. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५.

कारखान्यांसाठी आणखी एक नियम आहे जो फार कमी ठिकाणी पाळला जातो. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या निकषांप्रमाणे कष्टाचं काम करणाऱ्यानं पुढच्या पाळीच्या आधीच्या २४ तासांत रक्त देऊ नये, आणि रात्रपाळी करून पुरेशी झोप न झालेल्यानंही देऊ नये. म्हणजे शिबिर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, पाळी संपल्यावर. ‘रक्त दे आणि परत भट्टीवर ये’ हे अजिबात चालायचं नाही.

कायदा आणि पैसा

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे आधीच्या वर्षी नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यातलं एक जरी गाठलं असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी लागते, आणि आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्यात म्हटलं आहे. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची किंमत काढून ती या खर्चात दाखवता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये तसा खुलासा केला आहे. म्हणजे सेवा रजेचा पगार हा कंपनीचा स्वतःचा खर्च. मालकांना हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर ऑडिटच्या वेळी ऐकून ते रजाच बंद करतील.

जबरदस्तीबद्दल दोन वाक्यं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ‘सगळ्यांनी यायचं आहे’ असा निरोप गेला की तो हुकूम झाला, आणि हुकमानं करायचं ते काम. मग बदली सुट्टी द्या. कोण आलं नाही याची यादी कुणीही करू नये.

महिलांचा विचार वेगळा करावा लागतो. रविवार हा पुरुषांना मोकळा वाटतो, पण आमच्या क्वालिटी लॅबमधल्या मुलींचा तो सगळ्यात भरलेला दिवस असतो. त्यांच्यासाठीचे उपक्रम कामाच्या वेळेत ठेवा आणि गाडीची सोय करा. कामानिमित्त गेलेलं ठिकाण आणि कंपनीनं दिलेलं वाहन हे दोन्ही लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा २०१३ मध्ये कामाचं ठिकाणच मानलं जातं, तेव्हा अशा तक्रारी बघणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीच्या एका सदस्याचा फोन नंबर बसमध्ये लावलेला असू द्या. अपघात विम्याचं पत्रही विमा कंपनीकडून आधी घ्या. कारखान्याबाहेरचं, कंपनीनं मान्य केलेलं सेवाकार्य पॉलिसीत बसतं का, ते लेखी विचारा.

पक्षाच्या प्रचारासाठी ही रजा नाही, हे नियमातच लिहा. निवडणुकीच्या वर्षात त्याची गरज पडते.

फोटोंचं म्हणाल तर पाइप ओढताना, चिखल काढताना खुशाल काढा. मदत घेणाऱ्याचा हात पुढे आलेला फोटो नको आणि पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे चेहरे नकोत.

सुरुवात एप्रिलमध्ये करा. महिनाभर वही भरू द्या, मे मध्ये शाळा, ग्रामपंचायत आणि रक्तपेढीशी बोलून घ्या, गमबूट आणि पंप स्टोअरमध्ये आणून ठेवा, पूर रजेची नोटीस ३१ मेपर्यंत बोर्डावर लावा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की हे काहीच हातात राहत नाही.