उबुंटू काढलं, तरी मेनूतलं नाव जात नाही? या चुका टाळा

परीक्षा संपल्यावर भाच्याने लॅपटॉपवर विंडोजसोबत टाकलेलं उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) काढायला घेतलं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा त्याला दिलेला भाग, दिसलं, लगेच उडवलं. रीस्टार्ट केला तर काळा पडदा, त्यावर 'ग्रब' (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि लुकलुकणारा कर्सर. मग मामाला फोन. 'एक्झिट' टाइप करून एन्टर मार म्हटलं, विंडोज आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

हीच सगळ्यात मोठी चूक: आधी पार्टिशन उडवणं. यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस असलेल्या मशीनवर उबुंटू सुरू करणारी फाइल त्या पार्टिशनमध्ये नसतेच. ती असते ईएफआय सिस्टिम पार्टिशनमध्ये, विंडोजसोबत बहुधा 100 एमबीचं येतं त्यात. आणि तिची नोंद मदरबोर्डच्या मेमरीत. लिनक्सचं पार्टिशन गेलं तरी दोन्ही जागच्या जागी. म्हणून आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणा, पार्टिशनचं नंतर बघा.

नाव कुठल्या पडद्यावर दिसतंय हे न बघता उपाय शोधणं, ही दुसरी चूक. सुरू होताना येणाऱ्या विंडोजच्या निळ्या पडद्यावर दोन विंडोज दिसत असतील, तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलच्या बूट टॅबमधून जुनं डिलीट करा. दोघांची नावं सारखी असली तरी चालू असलेल्यापुढे 'करंट ओएस' लिहिलेलं असतं, त्याला हात लावू नका. पण मशीन सुरू होताना एफ12 किंवा एचपीवर एफ9 दाबल्यावर येणाऱ्या यादीत उबुंटू असेल, तर ते एमएसकॉन्फिगमध्ये सापडणारच नाही. तिथे दोन कामं. अॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉल या कमांडने ईएफआय पार्टिशनला एखादं ड्राइव्ह लेटर द्या आणि त्यातल्या ईएफआय फोल्डरमधलं फक्त उबुंटूचं फोल्डर काढा. मायक्रोसॉफ्ट आणि बूट ही फोल्डरं राहू द्या. मग बीसीडीएडिट या कमांडने फर्मवेअरच्या, म्हणजे मदरबोर्डच्या मेमरीतल्या नोंदींची यादी काढा, उबुंटूसमोरचा महिरपी कंसातला लांबलचक आयडी कॉपी करा आणि तेवढीच नोंद डिलीट करा. यातलं एकच काम केलं तर काही मशीनवर नाव परत उगवतं. हे पॉवरशेलमध्ये करू नका. तिथे महिरपी कंसाचा अर्थ वेगळा, आयडी अवतरणचिन्हांत घातला नाही तर एरर येतो. भाच्याचा अर्धा तास यातच गेला.

बूटरेक या कमांडने एमबीआर (डिस्कच्या सुरुवातीचा बूट कोड) दुरुस्त करा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो जुन्या लेगसी बायोसच्या मशीनसाठी आहे, यूईएफआयवर त्याने काही साधत नाही. आपलं मशीन कुठलं, ते एमएसइन्फो32 मध्ये 'बायोस मोड'समोर लिहिलेलं असतं.

ते छोटं ईएफआय पार्टिशन लिनक्सचा कचरा समजून डिस्कपार्ट या कमांडने उडवणारेही भेटलेत. मग विंडोजही सुरू होत नाही, इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह शोधत बसायचं.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप! बूटच्या सेटिंगला हात लावला की तो 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून घ्या, वहीत. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काय उपयोग?

उलटा प्रवास, म्हणजे विंडोज काढून नुसतं उबुंटू ठेवलं असेल, तर सोपं आहे: ईएफआय पार्टिशनमधलं मायक्रोसॉफ्टचं फोल्डर काढायचं आणि उबुंटूच्या टर्मिनलमध्ये सुडो (अॅडमिनचा अधिकार) लावून अपडेट-ग्रब ही कमांड चालवायची. एफ12च्या यादीतली नोंद तेवढी ईएफआयबूटएमजीआर या कमांडने वेगळी काढावी लागते.