१२३४५६७८९ चे अवयव पाडताय? या चुका टाळा

१२३४५६७८९ दिसायला एवढी सरळ संख्या की लोक हलक्यात घेतात आणि गंडतात. अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो, उरले १३७१७४२१, इथपर्यंत सगळ्यांना जमतं. पुढे मात्र ७, ११, १३, १७ असं करत शंभरेकपर्यंत जायचं आणि भाग जात नाही म्हणून "मूळ संख्या" लिहून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. अहो वर्गमूळापर्यंत तरी जा! ते ३७०३ च्या थोडं पुढे आहे आणि पहिला भाग जातो तो थेट ३६०७ ने, म्हणजे पाचशेच्या वर मूळ संख्या तपासून झाल्यावर. उत्तर ३ × ३ × ३६०७ × ३८०३.

३ पेक्षा मोठी प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पटीच्या एक मागे किंवा एक पुढे असते, म्हणून काहीजण शॉर्टकट मारतात, तशी असेल तर मूळ. हा नियम उलटा चालत नाही, १३७१७४२१ पण ६ च्या पटीच्या एक मागेच आहे, आणि २५ एक पुढे.

विभाजक मोजताना चार अवयव दिसले म्हणून २ चा चौथा घात करून १६ लिहू नका. ३ दोनदा आलाय, त्यामुळे ३ × २ × २ = १२. आणि हो, हेच नऊ अंक उलटसुलट करून मूळ संख्या शोधत बसू नका, बेरीज ४५ च राहणार, सगळ्या ३६२८८० रचनांना ९ ने भाग जातो.

खरा घोळ १२३४५६७८९ चा वर्ग करताना होतो. बरोबर उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१, सतरा अंकी. एक्सेल १५ अंकच धरतं, म्हणून शेवटी ५०० दाखवतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत साधा नंबर वापरलात तर शेवट ५२० येतो, म्हणजे विषम संख्येचा वर्ग चक्क सम! २ च्या ५३ व्या घातापुढे त्याला प्रत्येक पूर्णांक नीट धरता येत नाही, तिथे बिगइंट (मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार) वापरा. एक्सेलमध्ये सेल टेक्स्ट केला तर टाईप केलेले अंक शाबूत राहतात, पण त्यावर गणित केलं की परत तेच रडगाणं.

चेक करायला कॉम्प्युटर लागतच नाही. ९ च्या वर्गाचा शेवट १, म्हणून शेवटचा अंक १ च हवा, आणि अंकांच्या बेरजेला ९ ने भाग जायला हवा. बरोबर उत्तराची बेरीज ६३, एक्सेलवाल्याची ६०, जावास्क्रिप्टवाल्याची ६२, दोन्ही पकडले गेले.

पायथॉनवाले म्हणतील आमच्याकडे पूर्णांक कितीही मोठा चालतो, खरंय, पण त्याच ५२० वाल्या संख्येचं वर्गमूळ एसक्यूआरटी या (दशांशात उत्तर देणाऱ्या) फंक्शनने काढून बघा, बरोब्बर १२३४५६७८९.० येतं आणि तुम्ही तिला पूर्ण वर्ग समजून बसता. वर्गमूळाचा फक्त पूर्णांक भाग देणारं आयएसक्यूआरटी वापरलं तर १२३४५६७८८ मिळतं, मग त्याचा वर्ग करून ताडून बघा.