तालमीचा खर्च आधी मांडा : लहान संगीतवृंदांसाठी अनुदान-अर्जाचे मार्गदर्शन

सात-आठ कलाकारांचा व्यावसायिक संगीतवृंद मैफलीसाठी अनुदान मागतो, तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, बिदागी, प्रवास आणि छपाई या बाबी हमखास असतात. नसते ती तालीम. दोन तासांच्या मैफलीमागे दहा-बारा बैठका झालेल्या असतात आणि त्या प्रत्येक बैठकीसाठी कोणीतरी शिकवणी बुडवलेली असते, कोणीतरी दुसऱ्या गावाहून वाद्य घेऊन आलेले असते. तरीही तो सारा वेळ ‘घरचाच’ समजून सोडून दिला जातो. एका लहान वृंदाचा कोषाध्यक्ष म्हणून मी काही वर्षे असे अर्ज लिहीत आलो आहे. अर्जाची सुरुवात तालमीच्या हिशेबापासून करावी, असे माझे ठाम मत त्यातून झाले आहे. तालमीचा आकडा एकदा नीट मांडला की कोणती योजना निवडावी, किती रक्कम मागावी आणि पुढे हिशेब कसा द्यावा, हे बरेचसे आपोआप ठरत जाते.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत आपल्या उपयोगाचे दोन घटक आहेत आणि त्यांतील फरक अर्ज भरण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक आहे. पहिला घटक सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदानाचा. नोंदणीकृत संस्था, न्यास, विद्यापीठे यांना महोत्सव, कार्यशाळा, चर्चासत्रे तसेच संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्या निर्मितीसाठी हे अनुदान मिळते. त्याची कमाल मर्यादा 5 लाख रुपये आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत ती 20 लाखांपर्यंत वाढवता येते. दुसरा घटक गुरु-शिष्य परंपरेच्या संवर्धनाचा असून कलाक्षेत्रात तो ‘रेपर्टरी ग्रँट’ या नावानेच ओळखला जातो. नाट्यसंस्थांबरोबर संगीतवृंदांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्यात गुरूंना दरमहा 15,000 रुपये आणि शिष्यांना वयानुसार दरमहा 2,000 ते 10,000 रुपये मिळतात. संगीत आणि नृत्य या क्षेत्रांत एका गुरूमागे जास्तीत जास्त 10 शिष्य धरले जातात.

म्हणजे एखाद्या विशिष्ट मैफलीसाठी आणि तिच्या तालमींसाठी पैसे हवे असतील तर पहिला घटक योग्य ठरतो, आणि एका गुरूंच्या हाताखाली वर्षभर नियमित तालीम चालत असेल तर दुसरा. समवयस्क कलाकारांनी बरोबरीच्या नात्याने उभा केलेला वृंद केवळ रक्कम आकर्षक वाटते म्हणून स्वतःला गुरु-शिष्य चौकटीत बसवू पाहतो, असे अनेकदा दिसते. तसे करू नये. या योजनेत प्रत्यक्ष पाहणी होऊ शकते, आणि वर्षभराची तालीम कागदावर एक व जागेवर दुसरी असेल तर ते लपत नाही. शिवाय आपल्या कामाचे वर्णन खरेपणाने केले, तर तज्ज्ञ समितीसमोर बोलतानाही मनात संकोच राहत नाही.

अर्ज व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या नावाने करायचा असल्याने आधी संस्थेचे कागद तपासावेत. महाराष्ट्रात बहुतेक वृंद 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असतात. नोंदणीचे प्रमाणपत्र, घटना व नियमावली, पॅन, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कार्यकारिणीची यादी, अर्ज करण्याचा ठराव, निती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरील नोंदणी क्रमांक आणि बँक खात्याची ‘पीएफएमएस’ या सरकारी निधी-वितरणाच्या प्रणालीतील नोंद, एवढे कागद अर्ज मागवणारी जाहिरात येण्यापूर्वीच एका फाइलमध्ये तयार असावेत. जाहिरात आल्यावर हाती असलेले दिवस प्रकल्पाची टिपणी लिहिण्यात जायला हवेत, कागद गोळा करण्यात नव्हे.

यात एक जागा फार नाजूक आहे. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करावा लागतो. आमच्या वृंदाचे सचिव बदलले, नव्या सचिवांनी उत्साहाने काम हाती घेतले आणि अनुदानाच्या अर्जावर स्वाक्षरीही केली. पण चेंज रिपोर्ट देण्याचे आमच्याकडून राहूनच गेले होते. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीच्या उताऱ्यात जुने नाव आणि अर्जावर नवे नाव, अशी विसंगती निघाल्याने अर्ज छाननीतच बाद झाला. बारा तालमींची योजना, पाहुण्या पखवाजवादकांच्या ठरवून घेतलेल्या तारखा, सारे एका वर्षाने पुढे गेले. त्या पखवाजवादकांना दूरध्वनी करून तारखा सोडायला सांगताना मला जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही. म्हणून सांगतो, कार्यकारिणीच्या निवडीची सभा झाली की त्याच आठवड्यात वकिलांकडे जावे.

अंदाजपत्रक कसे बांधावे, हे एका उदाहरणाने दाखवतो. समजा, दोन गायक, संवादिनी, तबला, पखवाज, व्हायोलिन, तानपुरा आणि निवेदक असे आठ जण नाट्यसंगीताचा कार्यक्रम बसवत आहेत. बारा तालमी होतील आणि दोन गावांत दोन प्रयोग होतील. प्रत्येक तालमीसाठी प्रत्येकास 1,000 रुपये मानधन धरले, तर तालमींचे 96,000 रुपये होतात. प्रत्येक प्रयोगासाठी प्रत्येकास 6,000 रुपये धरले, तर दोन प्रयोगांचेही 96,000 रुपयेच होतात. वर्षानुवर्षे आपण ज्याची किंमत शून्य मांडत आलो, ती तालीम प्रत्यक्ष प्रयोगाइतकीच महाग आहे, हे या दोन ओळी शेजारी लिहिल्यावर लख्ख दिसते. त्यापुढे तालमीच्या जागेचे भाडे दर वेळी 800 प्रमाणे 9,600, दोन सभागृहांचे 50,000, ध्वनिव्यवस्थेचे 36,000, दुसऱ्या गावचा प्रवास व मुक्काम 40,000, छपाई व प्रसिद्धी 15,000, ध्वनिचित्रमुद्रण 20,000 आणि लेखापरीक्षण 10,000 धरले, तर एकूण खर्च 3,72,600 रुपये होतो. यातले दर उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावातील खरे दर विचारूनच आकडे लिहावेत आणि सभागृह व ध्वनिव्यवस्था यांची लेखी दरपत्रके जोडावीत.

सगळा खर्च अनुदानातून निघेल असे कधीही धरू नये. किमान एक चतुर्थांश रक्कम, म्हणजे या उदाहरणात 93,150 रुपये, संस्था कोठून आणणार हे स्पष्ट लिहावे: दोन प्रयोगांची मिळून 200 रुपये दराची 300 तिकिटे विकून 60,000 आणि देणग्यांतून 33,150. उरलेले 2,79,450 रुपये मागावेत. अंदाजपत्रक फुगवून पुढे कात्री लागेल अशा हिशेबाने गोल आकडा मागण्याची जुनी सवय सोडून द्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन. मंजूर रक्कम कमी आली तर काय कमी करायचे, हेही कार्यकारिणीने आधीच ठरवून ठेवावे. आमच्याकडे अशा वेळी प्रथम छपाई जाते आणि मग ध्वनिचित्रमुद्रण, पण तालमीच्या ओळीला हात लावायचा नाही असा ठराव आहे.

तालमीचा खर्च मागायचा तर तालमीत नेमके काय होते, हे संगीताबाहेरच्या वाचकालाही कळेल अशा भाषेत टिपणीत लिहावे लागते. ‘सखोल सराव’ असे शब्द कोणाच्याही अर्जात चालतात आणि म्हणून कोणाच्याच उपयोगाचे नसतात. त्याऐवजी असे लिहावे: गायक काळी एक या स्वरपट्टीत आणि गायिका काळी चार या स्वरपट्टीत गातात, त्यामुळे एका पदातून दुसऱ्या पदात जाताना तबला बदलावा लागतो, तानपुरे नव्याने लावावे लागतात, आणि हा बदल रसिकांचा रसभंग न होता निवेदनाच्या अवधीत पूर्ण व्हावा यासाठी दोन स्वतंत्र बैठका लागतात. किंवा असे: मध्यलय एकतालातून द्रुत तीनतालात जाण्याची जागा पखवाज आणि तबला यांनी मिळून बसवायची आहे. एवढ्या दोन वाक्यांनी बारा तालमी का, या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि ध्वनिव्यवस्थेच्या यादीत जादा माइक का आहेत तेही समजते. वृंदाच्या पूर्वीच्या कार्यक्रमांची कात्रणे, निमंत्रणपत्रिका आणि ध्वनिचित्रमुद्रणाचे दुवे मोजकेच जोडावेत. एक चांगले, अखंड दहा मिनिटांचे मुद्रण वीस तुकड्यांपेक्षा जास्त बोलके असते.

पदे निवडताना स्वामित्वहक्काचा विचार याच टप्प्यावर करावा, कारण परवान्याचे शुल्क हाही खर्चच आहे. भारतात हा हक्क निर्मात्याच्या निधनानंतर 60 वर्षे टिकतो. अण्णासाहेब किर्लोस्कर, गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची निधने अनुक्रमे 1885, 1916 आणि 1948 मधली असल्याने त्यांची पदरचना आता सर्वांसाठी खुली आहे. गोविंदराव टेंबे 1955 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चालीही खुल्या आहेत. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे निधन मात्र 1998 चे आहे. त्यांच्या चाली तिकीट लावून सादर करायच्या असतील तर हक्कधारकांची परवानगी किंवा परवाना लागेल, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात दिसायला हवी.

केंद्राच्या योजनेखेरीज राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय, गोव्यातील कला आणि संस्कृती संचालनालय, तसेच उदयपूरचे पश्चिम क्षेत्र आणि नागपूरचे दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र यांच्या सूचनांवर लक्ष ठेवावे. महाराष्ट्र या दोन्ही केंद्रांच्या क्षेत्रात येतो. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेकडे प्रस्ताव मराठीतूनही पाठवता येतो, परंतु तेथे नेहमीच्या मैफलीपेक्षा कलेत नवा प्रश्न विचारणाऱ्या कामाला स्थान असते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीतूनही मदत मिळू शकते, कारण 2013 च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचा समावेश आहे. त्यासाठी संस्थेची ‘सीएसआर-1’ नोंदणी हवी.

परदेशातील मराठी रसिक आणि मंडळे प्रेमाने पैसे देऊ करतात, तेव्हा विशेष सावध राहावे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. पण ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, किंवा परदेशात नोंदलेल्या मंडळाची देणगी, 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय स्वीकारता येत नाही. देणगीदार आपल्याच गावचा आणि आपल्याच ओळखीचा असला, तरी आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा हे विचारावे. त्यात संकोच बाळगू नये.

अनुदान मंजूर झाल्यावर पहिल्याच तालमीला एक नोंदवही सुरू करावी. तारीख, जागा, सुरू व संपल्याची वेळ, उपस्थितांच्या स्वाक्षऱ्या आणि त्या दिवशी काय बसवले याची एक ओळ, इतके त्या पानावर पुरे. मानधन रोख न देता बँक खात्यातूनच द्यावे आणि व्हाउचरवर ‘तालीम क्रमांक 1 ते 4’ असा स्पष्ट उल्लेख करावा, म्हणजे नोंदवहीचे पान आणि बँकेची नोंद एकमेकांशी जुळते. रोख देणे अगदी अटळ झाले आणि रक्कम 5,000 रुपयांहून अधिक असली, तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर स्वाक्षरी घ्यावी. वरील उदाहरणात प्रत्येक कलाकारास एकूण 24,000 रुपये मिळतात. मात्र त्याच वर्षी संस्थेच्या इतर कार्यक्रमांचे धरून व्यावसायिक मानधन 50,000 रुपयांच्या वर गेले, तर 10 टक्के करकपात करणे संस्थेवर बंधनकारक असते. हे कलाकारांना आधीच सांगितलेले असावे, नाहीतर ऐन मैफलीच्या तोंडावर विनाकारण मने दुखावतात.

अनुदानाची रक्कम साधारणतः हप्त्यांत येते आणि अखेरचा हप्ता कार्यक्रम होऊन हिशेब दिल्यानंतरच मिळतो, म्हणून सभागृह आणि ध्वनिव्यवस्थेच्या लोकांशी देयकाची मुदत लेखी ठरवून घ्यावी. कलाकारांचे पैसे मात्र त्या हप्त्याची वाट पाहत थांबवू नयेत. त्यासाठी तिकीटविक्री आणि देणग्यांची रक्कम वेगळी राखून ठेवावी. शेवटी सनदी लेखापालांच्या स्वाक्षरीने केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील 12-अ नमुन्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, खर्चाचे लेखापरीक्षित विवरण, छायाचित्रे आणि कार्यक्रमाचा अहवाल पाठवायचा असतो. खर्च न झालेली रक्कम आणि अनुदानावर मिळालेले व्याज यांचा हिशेबही त्याच वेळी द्यावा लागतो. प्रयोगाच्या दिवशीच्या स्वाक्षऱ्या दुसऱ्या दिवसावर ढकलू नयेत. पखवाजाच्या डाव्या पुडीवर लावलेली कणीक काढली जात असताना, तानपुऱ्यांवर गवसण्या चढण्याआधी, रंगमंचामागच्या खोलीतच व्हाउचरची वही फिरवावी. एकदा मंडळी आपापल्या गाड्यांना निघून गेली, की एका स्वाक्षरीसाठी तीन गावे फिरावे लागते.