दोन इंच चालून थांबणारा रोबो

भाची आठवीत आहे. तिच्या किटमधली काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी दोन इंच सरकायची, थांबायची, परत सरकायची. "मामा, कोडच बिघडलाय," ती म्हणाली. मीही तासभर कोडमध्येच डोकं खुपसून बसलो. वेडेपणा, दुसरं काय!

मग वाकून आर्डुइनो उनोकडे, म्हणजे गाडीचा मेंदू असलेल्या छोट्या सर्किट बोर्डकडे पाहिलं. मोटर फिरायला लागली की हिरवा दिवा मंद व्हायचा आणि १३ नंबरच्या पिनचा छोटा दिवा झटपट लुकलुकायचा, बोर्ड नव्याने सुरू होताना लुकलुकतो तसा. म्हणजे कोड निर्दोष. गुन्हेगार ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, तो या बॅटरीला झेपत नाही. व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. त्यात मोटरना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो.

बर्डीच्या बाजारातून १८६५० चे, म्हणजे चार्ज होणारे लिथियमचे दोन सेल आणि होल्डर आणला. सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून, ७.४ व्होल्ट. व्होल्ट कमी, पण करंट भरपूर. ड्रायव्हर आणि बोर्डचा ग्राउंड (ऋण बाजूची तार) एकत्र आहे ना, तेही तपासलं. गाडी सुसाट!

दुपारी तीच गाडी गच्चीवर नेली, तर पट्टी सोडून भलतीकडेच. गाडीचे सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाने पट्टी ओळखतात. नागपूरचं ऊन, उन्हातही इन्फ्रारेड असतंच, सेन्सर बिचारे आंधळे झाले. पुठ्ठ्याची झालर लावून, सेन्सरची संवेदनशीलता ठरवणारा निळा पोटेन्शियोमीटर सावलीत पुन्हा फिरवून घेतला. आता संध्याकाळीच चालवतो. पाय भाजत नाहीत, हाही फायदा.